होमवर्क केलं होतं, मॅडम!

मी परभणीत प्रोग्रॅमिंग शिकवते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात कॉलेजची शान वाढावी असं फारसं काही नाही. शिकवते म्हणजे व्हेरिएबल, लूप, फंक्शन, सगळं रीतसर शिकवते. पण गंमत बघा, लूपवरून आजवर एकही किस्सा झालेला नाही. फंक्शनवरून कुणी कधी रडलं नाही. जे काही घडलं ते सगळं होमवर्क पोर्टलवर टाकताना घडलं. शेवटच्या एका बटणावर!

आम्ही दोघं-तिघं शिक्षक स्टाफरूममध्ये चहाला बसलो की पहिला घोट घेईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "अहो, आज काय झालं माहितीये का?" मग एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा किस्सा निघतो. आमचे एचओडी जाधव सर म्हणायचे, "मॅडम, हे सगळं कुठं तरी लिहून ठेवा. हसायला होईल."

लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, चहा पिताना जितकं हसू येतं तितकं लिहिताना येत नाही. असो. सांगते.

*

सुरुवात माधवपासून. माधव पेडगावचा. उंच, हडकुळा, आणि बोलताना कायम घाईत, जणू बाहेर बस उभी आहे. वर्गात पहिलं होमवर्क दिलं : दोन आकडे घ्या, बेरीज करून दाखवा. फाइल पोर्टलवर टाका. पोर्टल स्वतःच तपासतं आणि स्वतःच मार्क देतं. आमच्या हातात काही नसतं.

माधवला शून्य.

मी त्याची फाइल उघडली. तो फोटो होता! कॉम्प्युटरसमोर बसून त्यानं मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला होता आणि तोच पाठवला होता. फोटो सुरेख आला होता. प्रोग्रॅम अगदी बरोबर, खाली बेरीजही बरोबर. स्क्रीनच्या काचेत माधवचं हसरं तोंडसुद्धा दिसत होतं.

"माधव, अरे हा फोटो आहे."

"हो मॅडम. दिसायलंय की सगळं! झूम करून बगा ना!"

"मला दिसतंय रे. पोर्टलला दिसत नाही. त्याला फोटो कळत नाही, प्रोग्रॅमची फाइल लागते. आणि फाइलचं नाव मी सांगितलं तेच पाहिजे."

माधवनं मान डोलावली. संध्याकाळी त्यानं पुन्हा होमवर्क पाठवलं. फाइलचं नाव अगदी बरोबर, मी सांगितलं तसं, टिंबानंतरची अक्षरंही तीच. मी खुश झाले. पोर्टलनं पुन्हा शून्य दिलं.

उघडून बघितलं तर तोच फोटो. फक्त नाव बदललेलं!

"मॅडम, तुमीच म्हणले ना नाव बरोबर पाहिजे!"

वर्ग इतका हसला की माधवही हसला. पण नंतर तो पोर्टल उघडायचा बंद झाला. प्रॅक्टिकलला समोर बसवलं की सगळं करून दाखवायचा, आणि पोर्टलवरच्या मार्कांत त्याच्या नावापुढं शून्यांची ओळ. पुढच्या वर्षी त्यानं कॉमर्सला नाव घातलं. एकदा बाजारात भेटला तर म्हणाला, "मॅडम, तिथं बरं हाय. तिथं कागद माणूस बघतं."

*

अश्विनीचा किस्सा जरा वेगळा. तिची आई परभणीतच घरी शिलाईकाम करते. घरात दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा, त्यामुळं पोरगी बोलायला गोड. "या, बसा, पाणी घ्या" यात वाढलेली.

होमवर्क होतं : वय विचारा, आणि मतदान करता येईल की नाही तेवढं छापा. "हो" किंवा "नाही". बस्स.

अश्विनीच्या प्रोग्रॅमनं असं छापलं : "नमस्कार! आपलं स्वागत आहे. कृपया आपलं वय सांगता का?" मग उत्तर. मग "धन्यवाद, पुन्हा या!"

पोर्टलनं शून्य दिलं. त्याला फक्त "हो" हवं होतं. त्याच्या मागं-पुढं एक अक्षर जास्त आलं की उत्तर चूक!

अश्विनी माझ्याकडं आली. तिला पटतच नव्हतं.

"मॅडम, कुणालाबी एकदम वय विचारायचं, आणि साधा नमस्कारबी घालायचा न्हाई? बरं दिसतं का ते?"

"बरं दिसत नाही गं. पण पोर्टलला हेच पाहिजे."

मग तिनं नमस्कार काढला. पुढच्या होमवर्कमधून कृपया काढलं. त्याच्या पुढच्यात धन्यवाद काढलं. मार्क वाढत गेले. वर्षाच्या शेवटाला अश्विनीचे प्रोग्रॅम असे झाले होते की आकडा घ्यायचा, आकडा फेकायचा, गप्प बसायचं.

शेवटच्या वर्षी तिनं प्रोजेक्ट केला. आईच्या गिऱ्हाइकांची मापं साठवून ठेवणारा प्रोग्रॅम. खरोखर कामाचा! बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी खुर्चीत बसून प्रोग्रॅम चालवला. काळी स्क्रीन, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. काय टाकायचं, कुठं टाकायचं, कशाचा पत्ता नाही.

परीक्षक वैतागले. "अगं, किती कोरडा प्रोग्रॅम आहे हा! समोर माणूस बसलाय, त्याच्याशी दोन शब्द बोलायला नकोत का याने?"

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"बोलायचा सर, आधी. मग मार्क जायचे."

*

आता लहानसा किस्सा. अजय नावाचा विद्यार्थी. अख्खं सेमिस्टर त्यानं होमवर्क वेळेवर पाठवलं, आणि अख्खं सेमिस्टर पोर्टल म्हणत राहिलं, "फाइल उघडत नाही."

अजय जाधव सरांना छातीठोकपणे सांगायचा, "सर, माझ्याकडं उघडायलीय! आत्ता बगून आलो!"

शेवटी जाधव सरांनी स्वतः बघितलं. अजय काय करायचा, तर डेस्कटॉपवर फाइलचं जे चित्र दिसतं, ज्याच्यावर क्लिक केलं की फाइल उघडते, ते उचलून पाठवायचा. ती फाइल नव्हतीच. फाइलकडं नेणारा शॉर्टकट होता. त्याच्या लॅपटॉपवर तो बरोबर जागी न्यायचा, दुसरीकडं कुठंच नाही.

सर डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे बाबा, तू आम्हाला घराचा पत्ता पाठवत राहिलास. घर नाही पाठवलंस!"

"मग आता घर पाठवू का सर?"

"पाठव, पाठव! सगळी घरं पाठव! मी पोर्टल उघडून घेतो."

अजय तिथंच उभा राहिला. लॅपटॉप मावसभावाचा होता. सुट्टी लागली म्हणून आदल्या आठवड्यात परत दिला होता. आणि परत देताना, दुसऱ्याची वस्तू आहे, स्वच्छ करून द्यावी, म्हणून स्वतःचं सगळं पुसून दिलं होतं.

पत्ते तेवढे राहिले आमच्याकडं. सगळे अगदी बरोबर.

*

सचिन आणि इम्रान यांचा किस्सा मी फार जणांना सांगत नाही, पण यादीतून गाळवतही नाही.

दोघं स्टेशनकडच्या एका खोलीत राहायचे. डबा एक, गाडी एक, लॅपटॉप एक. लॅपटॉप इम्रानचा, त्याच्या मामूंनी घेऊन दिलेला. सचिन हुशार. इतका की वर्गात मी फळ्यावर चूक केली तर तो बोलायचा नाही, नुसता खोकायचा. इम्रान मेहनती, पण त्याला वेळ लागायचा.

होमवर्क आलं की आधी सचिन बसायचा. झटकन लिहून पाठवायचा. मग इम्रान बसायचा, आपलं आपण लिहायचा, सचिनचं बघायचा नाही, आणि पाठवायचा. आता यात काय बिघडलं?

बिघडलं असं की लॅपटॉपवर पोर्टल उघडलं की ते इम्रानच्याच नावानं उघडायचं. एकदा लॉगिन केलेलं, तसंच राहिलेलं. कुणाचं खातं चालू आहे ते वर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते बघणार कोण? सचिन आपलं होमवर्क टाकायचा ते इम्रानच्या खात्यात. नंतर इम्रान टाकायचा तेही इम्रानच्याच खात्यात. आणि पोर्टलचा नियम असा की एकाच होमवर्कला दोनदा पाठवलं तर जास्त मार्क असतील ते धरायचे.

दोघं मार्क बघायचे तेही त्याच खात्यात. सचिन म्हणायचा, "पैकीच्या पैकी!" आणि थोड्या वेळानं इम्रान म्हणायचा, "यार, मलाबी पैकीच्या पैकी!" दोघं खुश! इम्रानला वाटायला लागलं होतं की आपल्याला प्रोग्रॅमिंग यायला लागलं. घरी फोन करून सांगितलं होतं त्यानं.

सेमिस्टर संपलं. निकाल लागला. इम्रान वर्गात पहिला. सचिनच्या नावापुढं लिहिलेलं, "एकही होमवर्क जमा नाही."

त्याच आठवड्यात पुण्याची एक कंपनी मुलाखतींना येणार होती. होमवर्कचे मार्क बघून मुलं बोलावणार होती.

काय झालं ते कळायला आम्हाला वेळ लागला नाही. जाधव सरांच्या केबिनमध्ये दोघं उभे होते. सचिन खिडकीतून बाहेर बघत होता. बोलला तो इम्रान.

"सर, नाव माझं हाय, पण डोकं त्याचं हाय. हे मार्क त्याला देऊन टाका."

सरांनी पोर्टलवाल्यांना लिहिलं, फोन केले, वरिष्ठांना मध्ये घातलं. उत्तर एकच आलं : लॉगिन ज्याचं, काम त्याचं. एका खात्यातलं दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही.

सर हताश होऊन म्हणाले, "इम्रान, बेटा, निदान तू तरी मुलाखतीला जा. दोघांपैकी एकाचं तरी भलं होऊ दे."

इम्रान म्हणाला, "सर, ते पहिलाच प्रश्न विचारतील, हे कसं केलं? मग तिथं बसून सचिनला फोन लावू का?"

गेला नाही तो. सचिनला बोलावणं आलंच नाही. सचिननं ते सेमिस्टर पुन्हा केलं आणि चांगल्या मार्कांनी पास झाला. पण ती कंपनी काही परत परभणीला आली नाही. इम्रान आता मामूंच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. सचिन अजूनही इथंच आहे, एका खासगी क्लासमध्ये शिकवतो. परवा दोघं एकाच गाडीवर दिसले. मी हात केला. दोघांनीही हात केला. दोघांचं भांडण झालं असतं, अबोला धरला असता, तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

*

बालाजीचे वडील कॉलेजात आले तो दिवस मला लख्ख आठवतो. माणूस जिंतूरकडचा, शेती सांभाळून गावातल्या सगळ्यांची ऑफिसची कामं करून देणारा. तहसील म्हणा, बँक म्हणा, पीकविमा म्हणा, गावातून कुणाचाही कागद असला की यांच्या हातात. त्यामुळं टेबलापलीकडच्या माणसाला ते बिलकूल घाबरत नसत.

बालाजीला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. कारण होमवर्क जमा नाही.

"मॅडम," ते खुर्ची ओढून बसले, "पोरगं माझ्या समोर बसून होमवर्क करायलंय. माझ्या समोर पाठवायलंय. आन् तुमी म्हणता आलं न्हाई. मग गेलं कुठं?"

"काका, फाइल गेली असेल, पण पोर्टलला ती उघडता आली नाही."

"बरं. कुठल्याबी हापिसात कागद दिला की आपण पोच घेतो. शिक्का मारून घेतो. तुमचं हे पोर्टल पोच देतं का?"

"देतं ना काका. प्रत्येक वेळेला ईमेलवर पोच येते. फाइल उघडली तर तसं, नाही उघडली तर तसं. पुन्हा पाठवा म्हणूनही सांगतं."

काकांनी बालाजीकडं बघितलं. बालाजीनं खाली बघितलं.

"ईमेल कुठंय रे तुजं?"

"ते... अ‍ॅडमिशनच्या वक्ताला नेट कॅफेवाल्या भाऊनं काढलं होतं. पासवर्डबी त्यालाच ठाऊक."

मी रेकॉर्ड काढून बघितलं. बालाजीच्या नावापुढं जो ईमेल होता त्यात बालाजीचं नावच नव्हतं, कॅफेचं होतं. अन् एकट्या बालाजीचं नाही, आणखीही काही मुलांचं तसंच. फॉर्म भरायला गर्दी, मुलांना ईमेल म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यानं सरसकट आपलाच टाकून दिला होता. "फाइल उघडली नाही, कृपया पुन्हा पाठवा," असं पोर्टल दर वेळी त्या कॅफेला सांगत होतं.

काका म्हणाले, "चला. आत्ताच्या आत्ता जाऊन काढून घेऊ."

मीही सोबत गेले. लेक्चर नव्हतं, आणि त्यांना एकटं पाठवायला मन होईना. ऑटो करून आम्ही तिघं गेलो. जिथं कॅफे होता तिथं आता ज्यूस सेंटर होतं. मोसंब्यांची आरास, मिक्सरची घरघर. कॅफेवाला दुकान सोडून गेला होता, कुठं गेला ते ज्यूसवाल्याला माहीत नव्हतं. त्याचा नंबर बंद.

काकांनी ज्यूस सेंटरची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. गावातल्या सगळ्यांचे कागद जागेवर पोचवणारा माणूस! मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हंजे मॅडम, पोच होती. फक्त आमच्यापर्यंत पोचली न्हाई."

बालाजीचं वर्ष गेलं. काकांनी मला ज्यूस मात्र पाजला. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

*

वाघमारे गुरुजी माझे विद्यार्थी होते, हे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. कारण वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. त्यांच्या शाळेला नवे कॉम्प्युटर मिळणार होते. ज्या शिक्षकानं कोर्स केला असेल त्याच्या ताब्यात खोली देणार, असं ठरलेलं. म्हणून गुरुजी दर रविवारी आमच्या कॉलेजात यायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरांनी कॉम्प्युटर फक्त बँकेच्या काचेतून बघितलेत. मला त्यांना आत न्यायचंय."

आणि काय शिकले हो ते! सुरुवातीला माउस दोन्ही हातांनी धरायचे. नंतर नंतर मला प्रश्न विचारून हैराण करायला लागले. दर रविवारी नवं होमवर्क करायचे, आणि जुनंही उघडून सुधारायचे. "मागच्या वेळी हे जरा अवघड लिहिलं होतं, आता सोपं केलं बघा."

कोर्स संपला. ज्यांना सर्टिफिकेट मिळालं त्यांची नावं आली. त्यात गुरुजी नव्हते.

मी पोर्टल उघडलं. गुरुजींच्या नावापुढं : "सहभाग नाही."

मला वाटलं काहीतरी चुकलंय. गुरुजींना शेजारी बसवून त्यांचं खातं उघडलं. सगळी होमवर्कं तिथं होती. एकूण एक. प्रत्येकापुढं हिरवी खूण. पण ती "सेव्ह" केल्याची खूण होती. शेजारचं "जमा करा" हे बटण त्यांनी एकदाही दाबलेलं नव्हतं.

"गुरुजी, हे बटण का नाही दाबलं?"

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि बटणाखालची बारीक ओळ मला वाचून दाखवली. वर्गात धडा वाचतात तशी, स्पष्ट उच्चारात. "एकदा जमा केल्यावर बदल करता येणार नाही."

मग म्हणाले, "असं वाचल्यावर हात धजतो का मॅडम? आणखी चांगलं करता येईल असं दर वेळी वाटायचं. म्हटलं, अगदी शेवटी सगळं एकदम जमा करू. आणि शेवटी बघितलं तर हिरव्या खुणा. मला वाटलं, झालं."

मी पोर्टलवाल्यांना पत्र पाठवलं. त्यांनी विनयानं कळवलं की विद्यार्थ्याचा मसुदा तपासायची तरतूद नाही.

शाळेत कॉम्प्युटर आले. खोली तयार झाली. सर्टिफिकेटवाला शिक्षक नाही म्हणून खोलीला कुलूप लागलं. पुढच्या वर्षी गुरुजींनी पुन्हा कोर्स करायचा ठरवलं होतं, पण रविवारचा कोर्सच बंद झाला. ते निवृत्त झाले तोवर कुलूप तसंच होतं म्हणतात.

निवृत्तीच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. जेवताना शेजारी बसले. म्हणाले, "मॅडम, शेवटच्या वर्षी पोरांना रोज एकच गोष्ट सांगत होतो. बाळांनो, लिहून झालं ना? मग वही देऊन टाका!"

*

आणि हा शेवटचा.

होमवर्कची शेवटची तारीख टाकायचा अधिकार आमच्याकडं फक्त जाधव सरांना होता. त्यांनी एकदा वर्गात सांगितलं, "रविवारी दुपारी बारापर्यंत पाठवा." आणि पोर्टलमध्ये दुपारच्या बाराऐवजी रात्रीचे, म्हणजे शनिवार संपून रविवार लागतानाचे, बारा टाकले. रविवारी सकाळी मुलं निवांत उठून बघतात तर होमवर्क बंद!

सोमवारी सगळा वर्ग केबिनच्या दारात. सर म्हणाले, "ही सिस्टीमची चूक आहे!" मागून कुणीतरी ओरडलं, "सर, सिस्टीमचं काय जातंय? बारा आमचे वाजले!"

सरांनी घाईघाईत नवी तारीख टाकली. या वेळी दिवस बरोबर, महिना बरोबर, पण सालातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले. म्हणजे होमवर्क बंद होणार आमच्या नातवंडांच्या म्हातारपणी! वर्गात तो एक विनोदच झाला. चार दिवसांत सगळ्यांनी होमवर्क टाकलं आणि ती तारीख बदलायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

सगळ्यांनी टाकलं, रेणुका सोडून.

रेणुका बोरीची. एसटीनं यायची, खिडकीजवळ बसायची. तिचा प्रोग्रॅम मी इतर मुलांना दाखवायचे, असा लिहा म्हणून. त्याच आठवड्यात तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. भावंडं लहान, वडील शेतात. घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. ती एक दिवस लॅबमध्ये ठेवलेलं आपलं सामान न्यायला आली.

"मॅडम, तेवढं एक होमवर्क राहिलंय माजं. घरून पाठवते."

"पाठव. सावकाश पाठव."

"लास्ट डेट कवाची हाय?"

"त्याला लास्ट डेटच नाही आता. जाधव सरांची कृपा!"

ती हसली. मग पिशवी उचलून गेली.

मी दोनदा फोन केला. एकदा तिनं उचलला, मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "आई झोपली की बसते मॅडम." दुसऱ्यांदा वडिलांनी उचलला, म्हणाले सांगतो तिला. मग तिची बॅच पास होऊन गेली. कुणी नोकरीला लागलं, कुणाची लग्नं झाली. जाधव सर निवृत्त झाले. नवं पोर्टल आलं. जुन्यात मागच्या मुलांचे मार्क आहेत म्हणून ते कुणी बंद केलं नाही, आणि त्यात शिक्षक म्हणून माझं नाव तसंच राहिलं. अधूनमधून त्याचे काहीबाही ईमेल यायचे. मी न वाचता पुसून टाकायचे.

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज नुकतंच उघडलं होतं. दुपारी स्टाफरूममध्ये डबा खात होते. फोन वाजला. जुन्या पोर्टलचा ईमेल : "नवीन होमवर्क जमा झाले आहे."

पुसायला बोट नेलं आणि नाव दिसलं.

डबा तसाच ठेवला. कॉम्प्युटर लावला. जुन्या पोर्टलचा पासवर्ड आठवायला थोडा वेळ गेला. फाइल उघडली. फोटो नाही, शॉर्टकट नाही. नाव बरोबर. दहा आकडे घ्या आणि उतरत्या क्रमानं छापा, एवढंच होतं ते होमवर्क, आणि आकडे बरोबर उतरत्या क्रमानं छापले जात होते. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. सगळ्यात वर, मी तेव्हा शिकवलं होतं तसं, नाव, वर्ग आणि रोल नंबर. रोल नंबर तेव्हाचाच.

मी तिचा जुना नंबर लावला. तो अस्तित्वात नव्हता. वडिलांचाही नाही.

पुन्हा स्क्रीनकडं बघितलं. पोर्टलनं मार्क देऊन टाकले होते, पैकीच्या पैकी. आणि शेजारच्या रकान्यात आपोआप पडलेला शेरा होता :

"वेळेत जमा."